तेल चमच्यानं मोजायचा आजार: आतड्याचा लिम्फॅन्जिएक्टेशिया

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातला सहा वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो. दीड वर्षापासून दोन्ही पायांवर आणि डोळ्यांखाली सूज, मधूनमधून पातळ, तेलकट, उग्र वासाची शौच. रक्तात अल्ब्युमिन (पाणी शिरेत धरून ठेवणारं प्रोटीन) १.८, लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ९००, दोन्ही कमी. लघवीतून प्रोटीन जात नाही, लिव्हर ठीक आहे. दुर्बिणीतून पाहिल्यावर लहान आतड्याच्या सुरुवातीला पांढरे ठिपके दिसले आणि बायोप्सीत इंटेस्टायनल लिम्फॅन्जिएक्टेशिया, म्हणजे आतड्यातल्या लसिकावाहिन्या फुगण्याचा आजार, असं आलं. दोनदा अल्ब्युमिनची बाटली लावली, दोन्ही वेळा सूज उतरली आणि दहा-बारा दिवसांत परत आली. आई विचारते: दर महिन्याला बाटली लावत राहायचं का? खोबरेल तेल दिलं तर चालेल का? एक डॉक्टर टीबीची औषधं सुरू करू म्हणतात, करावीत का? आणि हे कायमचं बरं होतं का?

ताई, बाटलीचं आधी सांगतो, कारण पैसा आणि जीव दोन्ही तिथंच अडकलेत. अल्ब्युमिनची बाटली हा या आजाराचा उपचार नाही. मुलाच्या लिव्हरला अल्ब्युमिन बनवता येतं, ते बनतंही आहे. आतड्यातून ते गळतंय. शिरेतून घातलेलंही त्याच भोकातून जाणार. मुलाला धाप लागली, छातीत किंवा पोटात खूप पाणी साठलं, सुजेनं कातडी फुटायला आली किंवा एखादं ऑपरेशन ठरलं, तर बाटली लागते, आणि ती दवाखान्यातच, चार-एक तास सावकाश, डॉक्टरांच्या नजरेखाली लावायची असते. रिपोर्टमधला आकडा वाढवायला म्हणून दर महिन्याला लावण्यात अर्थ नाही. लघवीच्या गोळ्यांचंही तसंच. अल्ब्युमिन कमी असताना पाणी शिरेबाहेर, मांसात साठलेलं असतं, शिरेत मुळात कमीच असतं. अशा वेळी नुसत्या गोळ्यांचा मारा केला तर सूज तशीच राहते आणि किडनीवर ताण येतो.

गळती का होते ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यात एक लसिकावाहिनी, म्हणजे लसिका (लिम्फ) वाहून नेणारी बारीक नळी, असते. आपण खातो ते साधं तेल, तूप, लोणी, शेंगदाण्याची किंवा मटणाची चरबी पचल्यावर रक्तात थेट जात नाही. आधी या लसिकावाहिन्यांत शिरते, तिथून पोटातल्या मोठ्या वाहिन्यांत, मग छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूला शिरेत मिळते. त्याच लसिकेतून प्रोटीन, प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशी आणि अँटिबॉडीही वाहत असतात. तुमच्या मुलाच्या या वाहिन्या फुगलेल्या आहेत. तेलकट जेवण झालं की त्यांतला प्रवाह आणि दाब वाढतो, त्या पाझरतात किंवा फुटतात आणि सगळा माल आतड्यात सांडतो. अल्ब्युमिन, लिम्फोसाइट आणि अँटिबॉडी एकदम खाली येतात ते यामुळे. किडनीच्या आजारात अल्ब्युमिन जातं, पण लिम्फोसाइट अशा जात नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही कमी आहेत, हा बोलका धागा आहे.

पावसाळ्यात पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी उलटं कोल्हापूर शहरात शिरतं. नाल्यात खोट नसते, पुढं नदी पाणी घेत नसते. या आजाराचेही असे दोन प्रकार. एकात वाहिन्यांची घडणच जन्मापासून बिघडलेली असते. तो प्राथमिक प्रकार, ज्याचं वर्णन अमेरिकेतल्या थॉमस वाल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली केलं आणि ज्याला वाल्डमनचा आजार म्हणतात. तो बहुधा तीन वर्षांच्या आतच लक्षात येतो, पण मोठेपणी सापडणारेही रुग्ण असतात. दुसऱ्या प्रकारात वाहिन्या मुळात चांगल्या असतात, पुढं कुठंतरी अडथळा असतो: हृदयाभोवतीचं आवरण घट्ट झालेलं, पोटातल्या गाठी टीबीनं सुजलेल्या, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा आजार), मोठ्यांमध्ये लिव्हरचा सिरोसिस, किंवा जन्मजात हृदयदोषासाठी केलेलं फॉन्टान ऑपरेशन. हा प्रकार वेगळा काढणं फार महत्त्वाचं आहे. त्यात मूळ आजार बरा झाला की गळती थांबू शकते, आणि नुसतं पथ्य पाळत बसलो तर मूळ आजार आत वाढत राहतो.

म्हणून टीबीची शंका घेणाऱ्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही. पुरावा न शोधता सहा महिन्यांचा कोर्स सुरू करणं मात्र चूक ठरेल. दोन गोष्टी करून घ्या. पहिली, हृदयाचा इको, आणि तो करणाऱ्याला स्पष्ट सांगा की कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण घट्ट झालेलं, आहे का ते बघायचंय. नेहमीच्या घाईच्या इकोत हे सुटू शकतं. मानेच्या शिरा फुगलेल्या असतील आणि पायांपेक्षा पोटात पाणी जास्त असेल तर ही शंका आणखी पक्की धरायची. दुसरी, पोटाचा सीटी स्कॅन: गाठी आहेत का, असल्या तर मधोमध सडलेल्या दिसतात का. बायोप्सीच्या काचा पुन्हा एकदा वाचून घ्या, ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके) आहे का ते विचारा. टीबीची मॅन्टू टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ती टेस्ट लिम्फोसाइटच्या जोरावर उठते आणि तुमच्या मुलाच्या लिम्फोसाइट तर आतड्यातून वाहून चालल्यात, त्यामुळे ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पायाची सूज पाहून कुणी हत्तीरोग म्हणेल. दोन्ही पाय सारखे, डोळ्यांखालीही सूज आणि अल्ब्युमिन १.८, हे हत्तीरोगाचं चित्र नाही.

निदानातल्या दोन फसगती इथंच सांगतो. ठिपके पांढरे दिसतात ते चरबीनं भरलेल्या वाहिन्यांमुळे, गुलाबी आतड्यावर बारीक रवा भुरभुरल्यासारखे. दुर्बिणीआधी महिनाभर कडक पथ्य झालं असेल तर ते दिसतच नाहीत आणि तपासणी नॉर्मल म्हणून परत येते. उलट, धडधाकट माणसालाही आदल्या रात्रीच्या जेवणानंतर असे तुरळक ठिपके दिसू शकतात. अल्ब्युमिन चांगलं असेल, सूज नसेल, तर तो आजार नव्हे. म्हणून दुर्बीण, बायोप्सी आणि रक्त, तिन्ही एकत्र जुळायला हवीत. तुमच्याकडे जुळलीत. गळती आतड्यातूनच आहे हे पक्कं करायचं असेल तर शौचातलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन तपासता येतं. हे प्रोटीन आतड्यात पचत नाही, त्यामुळे जितकं गळतं तितकं बाहेर दिसतं. चोवीस तासांची शौच गोळा केली तर उत्तर जास्त भरवशाचं येतं.

आता स्वयंपाकघर. प्राथमिक प्रकारात खरा उपचार इथं आहे.

साधं तेल-तूप कमी केलं की वाहिन्यांतला दाब उतरतो आणि गळती घटते. पण वाढत्या मुलाला ऊर्जा तर हवी. ती भरून काढायला एमसीटी, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं तेल देतात. त्यातले स्निग्धाम्ल आखूड असतात, ८ आणि १० कार्बनचे. ते लसिकेच्या वाटेनं न जाता थेट लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत शिरतात. म्हणजे ऊर्जा मिळते आणि फुटक्या नळीत पाणी सोडावं लागत नाही.

इथंच खोबरेल तेलाचा प्रश्न येतो. खोबरेल म्हणजे एमसीटी असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे आणि या आजारात महागात पडतं. खोबरेलात ८ आणि १० कार्बनचे स्निग्धाम्ल मिळून साधारण आठवा हिस्सा भरतात. जवळपास निम्मं असतं लॉरिक आम्ल, १२ कार्बनचं, आणि ते बरंचसं लसिकेच्याच वाटेनं जातं. उरलेलं साध्या तेलासारखंच. तेव्हा खोबरेल नको, ओलं-सुकं खोबरंही नको. औषधाच्या दुकानातून एमसीटी तेल मागवा आणि बाटलीवर कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्ल (हेच ते ८ आणि १० कार्बनचे) लिहिलंय का ते वाचून घ्या. लॉरिक पहिल्या क्रमांकावर असेल तर परत करा.

सुरुवात अर्ध्या चमच्यानं, म्हणजे अडीच मिली, दिवसातून दोनदा, जेवणात मिसळून. दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत तुमच्या मुलासाठी दिवसाला २० मिलीच्या आसपास न्यायचं. एकदम जास्त दिलं किंवा रिकाम्या पोटी दिलं की पोटात कळा येतात, जुलाब होतात, आणि घरचे म्हणतात हे तेल मानवत नाही. तेल मानवतं, घाई मानवत नाही. हे तेल लवकर धुरकटतं, म्हणून त्यात तळायचं नाही आणि कडकडीत फोडणीही करायची नाही. मोहरी-जिरं लोखंडी तव्यावर कोरडं भाजून घ्या, डाळ-भाजी शिजली की गॅस बंद करा आणि मग तेल वरून घालून ढवळा. ठेवायला काचेची किंवा स्टीलची बाटली. काही प्लॅस्टिक या तेलानं मऊ पडतं.

साधी चरबी दिवसाला सुरुवातीला १० ते १२ ग्रॅमच्या आत ठेवा. ऐकायला बरी वाटते, पण ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ आणि स्किम्ड दूध यांतूनच ५-६ ग्रॅम पोटात जाते. उरला एक चहाचा चमचा, ५ मिली. तो एक चमचा मात्र बंद करायचा नाही. एमसीटीत आवश्यक स्निग्धाम्लं अजिबात नसतात. ती न मिळाल्यास कातडी कोरडी, खवल्यांची होते आणि वाढ खुंटते. अर्धा चमचा करडई आणि अर्धा चमचा सोयाबीन तेल ही जोडी चांगली. करडईतून लिनोलेइक हे आवश्यक स्निग्धाम्ल भरपूर मिळतं, सोयाबीनमधून थोडं ओमेगा-३ही. 'हाय ओलेइक' लिहिलेली करडई या कामाची नाही. सकाळीच पाच मिलीच्या मोजमापी चमच्यानं हे तेल एका वाटीत काढून ठेवा, दिवसभर त्यातलंच वापरा. हातानं धार सोडायची सवय असलेल्या घरात एवढ्या एका वाटीनं निम्मी चूक टळते.

प्रोटीन उलट भरपूर हवं, दिवसाला ४५ ते ५५ ग्रॅम, कारण गळणारंही भरून काढायचं आहे. ते असं जमतं: अर्धा लिटर स्किम्ड दूध किंवा त्याचं दही-ताक, १७ ग्रॅम. तीन अंड्यांचा फक्त पांढरा भाग, ११ ग्रॅम. तूर किंवा मूग डाळ कच्ची ५० ग्रॅम, १२ ग्रॅम. भाकरी, चपाती, भात मिळून कोरडं १२० ग्रॅम धान्य, आणखी ११. इथंच पन्नाशी गाठली. आठवड्यातून तीन-चार दिवस कातडी काढलेल्या चिकनच्या छातीचा भाग ५० ग्रॅम घाला, ११ ग्रॅम प्रोटीनला चरबी जेमतेम दीड ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या चालतात, त्यांतलं तेल आधीच काढलेलं असतं. ऊर्जेला गूळ, केळं, बटाटा, पोहे, आणि कूट न घातलेली साबुदाण्याची खिचडी. हे सगळे आकडे १८ किलोसाठी आहेत. त्या १८ किलोंत सुजेचं पाणीही आहे, तेव्हा सूज उतरल्यावर जे वजन येईल त्यावर आहारतज्ज्ञाकडून पुन्हा बसवून घ्या. मोठ्या माणसाला साधारण किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रोटीन आणि दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास साधी चरबी, असा अंदाज धरतात.

कोल्हापुरात घसरण होते ती ठरलेल्या जागी. पहिली जागा म्हशीचं दूध. गंगावेशीतलं धारोष्ण दूध पाजलं की पोरगं धरेल, हा आपल्याकडचा भाबडा आणि मायेचा उपाय. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के चरबी, म्हणजे एका ग्लासात १३ ग्रॅम, पूर्ण दिवसाचा कोटा एका घोटात. वर ते कच्चं, आणि या मुलाच्या अँटिबॉडी आधीच कमी. घरी साय काढूनही म्हशीच्या दुधात बरीच चरबी उरते. टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड, स्किम्डमध्ये अर्धा टक्का किंवा कमी. पिशवीवर 'स्किम्ड' हाच शब्द हवा. नाही मिळालं तर स्किम्ड दुधाची पावडर, १०० मिली पाण्याला १० ग्रॅम.

दुसरी जागा कांदा-लसूण मसाला. भाजीत तेल घातलंच नाही, तरी सूज का, असं लोक विचारतात. डब्यातल्या त्या मसाल्यात सुकं खोबरं आहे, तीळ आहेत, आणि तो तेलात परतलेला आहे. मुलासाठी वेगळा करा: मिरची, धणे, जिरं आणि बाकीचा खडा मसाला कोरडा भाजायचा, कांदा-लसूण तव्यावर तेलाविना चांगला डागेपर्यंत परतायचा, खोबरं-तीळ-खसखस वगळायची. तिसरी जागा शेंगदाण्याचा कूट. शेंगदाण्याचा जवळजवळ निम्मा भाग चरबी असते, एक मोठा चमचा कूट म्हणजे ५ ग्रॅम.

रस्सा सोडावा लागतो असं नाही. चिकनच्या छातीच्या तुकड्यांचं अळणी शिजवा, भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर गोठलेला थर चमच्यानं पूर्ण उचलून टाका. मग वरचा मसाला, भाजलेल्या कांद्याचं वाटण, आणि दाटपणाला भाजलेलं डाळीचं पीठ. तवंग येणार नाही, चव येते. पांढऱ्या रश्श्यात नारळाच्या दुधाऐवजी स्किम्ड दुधाचं घुसळलेलं दही, मंद आचेवर. मटण आणि तर्रीची मिसळ मात्र नाहीच.

गावची म्हाई, जोतिबाची यात्रा, लग्नाची पंगत, इथं "एक दिवसानं काय होतंय" म्हणणारं माणूस भेटतंच. एका दिवसानं होतं. दोन-तीन दिवसांत जुलाब आणि सूज परततात आणि पुन्हा बसायला आठवडे लागतात. आजीला, आत्याला आणि शाळेच्या बाईंना पथ्य समजावून सांगण्यापेक्षा अंगठ्यानं नडगी दहा सेकंद दाबून पडलेला खळगा दाखवा. तो खळगा भरायला किती वेळ लागतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं माणूस लाडू देत नाही.

पथ्य नीट पाळलं तर जुलाब आठवड्या-दोन आठवड्यांत आटोक्यात येतात, सूज त्यामागून काही आठवड्यांत. अल्ब्युमिन पुष्कळदा पूर्ण नॉर्मलला पोचत नाही. १.८ वरून ३ वर स्थिरावलं, मूल खेळतंय, उंची वाढतेय, तर उपचार लागू पडलाय. लिम्फोसाइट कमीच राहू शकतात. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: प्राथमिक प्रकार मुळापासून जात नाही. पथ्य आयुष्यभराचं, सोडलं की गळती परत. पण ते पाळून शिकणारी, मोठी होणारी मुलं आहेत, हेही तितकंच खरं.

वहीत तीन नोंदी ठेवा: आठवड्यातून एकदा सकाळी त्याच काट्यावर वजन, बेंबीवरून पोटाचा घेर, गुडघ्याच्या वाटीखाली १० सेंटिमीटरवर पोटरीचा घेर. अल्ब्युमिन आणि रक्तपेशी आधी दरमहा, नंतर तीन महिन्यांनी. सोबत मॅग्नेशियम, जस्त, लोह, जीवनसत्त्व ए, डी, ई आणि के जीवनसत्त्वासाठी पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). ही चार जीवनसत्त्वं चरबीबरोबर शोषली जातात, म्हणून पाण्यात मिसळणाऱ्या स्वरूपातली लिहून घ्या. कॅल्शियमचा साधा रिपोर्ट इथं फसवतो. अल्ब्युमिन कमी असलं की एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, म्हणून आयोनाइज्ड कॅल्शियम मागा. लसींमध्ये फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोकोकलची आवर्जून घ्या. जिवंत लसी लिम्फोसाइट आणि आयजीजी (मुख्य अँटिबॉडी) बघून, डॉक्टरांना विचारूनच. पायाची कातडी जपा: नखं सरळ कापायची, अनवाणी सोडायचं नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. सुजलेल्या पायातली छोटी जखमही भराभर पसरते.

आठ ते बारा आठवडे काटेकोर पथ्य होऊनही फरक नसेल तर आधी वाटीतलं तेल पुन्हा मोजा. ते बरोबर असेल तर पुढचे पर्याय आहेत: ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं, ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, सिरोलिमस. सगळ्यांना लागू पडतं असं कुठलंच नाही, ते तज्ज्ञाच्या हाताखालीच. खराबी आतड्याच्या एका छोट्या तुकड्यापुरती असेल तर तेवढा काढता येतो, पण असे रुग्ण कमी.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचं लग्न नात्यातलं आहे का, मामाच्या किंवा आत्याच्या घरात? आपल्याकडे ही प्रथा आहे म्हणून विचारतो. सीडी-५५ या जनुकातल्या दोषामुळे होणारा, चॅपल नावाचा एक आजार हुबेहूब असाच दिसतो, आईवडील दोघांकडून दोष आला की होतो, आणि त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मोठा असतो. त्यावर पोझेलिमॅब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालं. नातं असेल, भावंडालाही सूज-जुलाब असतील किंवा कुठं गुठळी झाली असेल, तर जनुक तपासणी टाळू नका. मुंबईचं केईएम हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारनं ठरवलेल्या केंद्रांपैकी एक आहे, तिथल्या जनुकशास्त्र विभागाला सगळे रिपोर्ट दाखवता येतील.

रात्री-अपरात्री वाट न बघता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ अशी ओळखा: धाप लागतेय किंवा आडवं झोपवत नाही, बोटं आखडून चोचीसारखी होतात, तोंडाभोवती मुंग्या येतात किंवा झटका येतो, तापाबरोबर पाय लाल, गरम होतो, एकच पाय अचानक जास्त सुजून दुखतो, पोट फुगून दुखतं आणि ताप आहे. जाताना ती वही, शेवटचा अल्ब्युमिनचा रिपोर्ट आणि बायोप्सीचा कागद एकाच पिशवीत ठेवा. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी हा आजार आधी पाहिलेला असेलच असं नाही, म्हणून कागदावर वरच ठळक लिहून ठेवा: 'लिम्फॅन्जिएक्टेशिया. प्रोटीन आतड्यातून जातं. शिरेतून चरबीचं सलाइन चालतं, तोंडानं एमसीटी आणि मोजून दिलेला एक चमचा सोडून तेल-तूप नाही.'